हेग की तिआंजिन? प्रयोगशाळेची आचारसंहिता लिहायला बसण्याआधी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या, जीवरसायनशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या एखाद्या विभागाने स्वतःची आचारसंहिता लिहायची ठरवली, तर कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्या विज्ञानातून अस्त्रे निघू नयेत म्हणून शास्त्रज्ञांनीच तयार केलेले दोन दस्तऐवज समोर आहेत. २०१५ची हेग नैतिक मार्गदर्शक तत्त्वे रसायनशास्त्रासाठी आहेत आणि २०२१ची तिआंजिन मार्गदर्शक तत्त्वे जीवशास्त्रासाठी. दोन्ही छोटी आहेत आणि दोन्ही ऐच्छिक आहेत.

माझे मत आधीच सांगते. जिथे जिवंत पेशी, जंतू किंवा त्यांची विषे हाताळली जातात तिथे तिआंजिनचा पाया घ्यावा आणि हेगकडून एक सवय उसनी आणावी. नुसते मजकूर शेजारी ठेवून वाचले तर हे लक्षात येत नाही, कारण खरा फरक त्यांच्या पाठीशी काय उभे आहे यात आहे.

हेगच्या पाठीशी रासायनिक अस्त्रबंदी करार आहे. तो १९९७मध्ये लागू झाला आणि आज १९३ देश त्यात आहेत. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या संघटनेचे मुख्यालय हेगमध्ये आहे. तिचे स्वतःचे निरीक्षक आहेत आणि ते कारखान्यांच्या आत जाऊन तपासणी करतात. भारताने या करारानुसार १,०४४ टन मस्टर्ड वायूचा साठा जाहीर केला आणि २००९मध्ये तो नष्ट करून संपवला. कराराला देशात कायद्याचे बळ देणारा अधिनियम २०००चा आहे. त्याचे हात साध्या उद्योगापर्यंत पोचतात. कीटकनाशकांसाठी लागणारे फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड घ्या. हे रसायन कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे उद्योगात लागणाऱ्या पण अस्त्रासाठीही वापरता येणाऱ्या रसायनांच्या यादीत आहे. वर्षाला ३० टनांपेक्षा जास्त उत्पादन केले तर सरकारला कळवावे लागते, आणि २०० टनांच्या वर गेले तर आंतरराष्ट्रीय निरीक्षक दारात येऊ शकतात. म्हणजे एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने हेगची तत्त्वे उद्या विसरली, तरी मोजणारी व्यवस्था शिल्लक राहते.

तिआंजिनच्या पाठीशी जैविक अस्त्रबंदी करार आहे. तो त्याहून जुना. १९७२मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५मध्ये लागू झाला. एक संपूर्ण अस्त्रप्रकार बंद करणारा तो पहिला करार. पण त्याला निरीक्षक नाहीत. जिनिव्हात त्याचे काम पाहणारा कक्ष मूठभर माणसांचा आहे. दरवर्षी देशांनी आपापल्या प्रयोगशाळांची माहिती एकमेकांना द्यावी असे १९८६मध्ये ठरले, तरी पुष्कळ देश ती देतच नाहीत. देश करार पाळतात का हे तपासणारा पडताळणीचा प्रोटोकॉल आणायचा प्रयत्न अनेक वर्षे चालला आणि २००१मध्ये अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर मोडला.

या उणिवेची किंमत किती पडते हे स्वेर्दलोव्स्कमध्ये दिसले. एप्रिल १९७९मध्ये त्या सोव्हिएत शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारी किमान ६६ माणसे दगावली. सरकारने दोष दूषित मांसावर टाकला. ज्या तीन देशांकडे या कराराची मूळ प्रत ठेवायला दिली होती, त्यांतला एक हाच सोव्हिएत संघ होता, आणि करारावर सही करूनही त्याचा जैविक अस्त्रांचा प्रचंड कार्यक्रम चालूच होता. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराकडे बोट दाखवले ते १९९२मध्ये. तेरा वर्षे तिथल्या विधवांना आणि मुलांना खरे कारण कुणी सांगितले नाही. त्या केंद्रात काम करणारे सगळे शिकलेले, पदव्या घेतलेले लोक होते, आणि हे मला कधी विसरता येत नाही.

पडताळणी जीवशास्त्रात अवघड का, तेही समजून घ्यायला हवे. रसायनाचा धोका बहुतेक वेळा टनांत असतो. जंतू वाढतो. आज एका कुपीत असलेला उद्या फर्मेंटरभर, म्हणजे जंतू वाढवायच्या टाकीभर होतो, परवा निर्जंतुक करून नाहीसाही करता येतो. लस बनवणारे यंत्र आणि अस्त्र बनवणारे यंत्र बाहेरून सारखेच दिसते. बाहेरून मोजता येत नसेल तर डोळा प्रयोगशाळेच्या आतच हवा. म्हणून माझ्या लेखी जीवशास्त्रातल्या आचारसंहितेवर रसायनशास्त्रातल्यापेक्षा कितीतरी जास्त भार आहे.

आता मजकुराकडे. हेगचा रोख व्यक्तीवर आहे. वीसहून अधिक देशांतल्या रसायनतज्ज्ञांनी तो लिहिला. रसायने, उपकरणे आणि जागा चोरीपासून आणि भलत्या वापरापासून जपणे ही प्रत्येकाची जबाबदारी, आणि ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याच्यावर त्यांच्या कामाचीही जबाबदारी, असे तो स्पष्ट सांगतो. गाइड म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

तिआंजिनचा रोख संस्थेवर आणि संशोधनाच्या सगळ्या प्रवासावर आहे. चीनमधले तिआंजिन विद्यापीठ, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले आरोग्यसुरक्षा केंद्र आणि जगभरच्या विज्ञान अकादमींचे मंडळ यांनी मिळून दहा तत्त्वे मांडली. संशोधनाच्या प्रत्येक टप्प्यावर धोक्याचा विचार करा, निष्कर्ष प्रसिद्ध करताना फायदा आणि गैरवापर दोन्ही तोला, संस्थेने धोके हेरण्याची यंत्रणा उभारा, असे ती म्हणतात. प्रसिद्धीचा मुद्दा कागदी नाही. ऑस्ट्रेलियात उंदरांची पैदास रोखणारी लस शोधताना बदललेला उंदीरदेवीचा (उंदरांना होणाऱ्या देवीचा) विषाणू त्या रोगाची लस दिलेल्या उंदरांनाही मारू लागला, आणि हे २००१मध्ये छापून आल्यावर मोठा वाद झाला. त्या संशोधकांचा हेतू शेतीतली नासाडी थांबवण्याचा होता. असा निकाल हाती आला तर आधी कुणाशी बोलायचे, हा प्रश्न तिआंजिन विचारायला लावते.

मराठीत आणखी एक अडचण येते. जंतूंपासून माणसाला जपणे आणि भलत्या माणसापासून जंतूंना जपणे, या दोन्हींना आपण ‘जैवसुरक्षा’च म्हणतो. त्यामुळे संस्थेत घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेले जीव यांच्याबद्दलच्या १९८९च्या नियमांखालची जैवसुरक्षा समिती आहे म्हटले की काम झाले असे वाटते. त्या समितीसमोर मुख्यतः अपघात टाळण्याचा प्रश्न येतो, हेतूचा क्वचितच. मसुद्यात हे दोन अर्थ वेगळ्या वाक्यांत लिहा.

तिआंजिनची उणीव म्हणजे ती फार सर्वसाधारण आहे. ‘यंत्रणा उभारावी’ म्हणते, पण कशी ते सांगत नाही. इथे हेगच्या जगातली मोजण्याची सवय उपयोगी पडते. मी ज्या प्रयोगशाळेत शिकले तिथे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये पदवी घेऊन कधीच गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कुप्या पडून होत्या. कुणावर ‘स्ट्रेन ४’, कुणावर नुसती तारीख. त्यात काय आहे ते सांगू शकेल असा माणूस तिथे उरला नव्हता. कुपीचे नाव, संख्या, कुणी काढली आणि कधी नष्ट केली याची नोंदवही आचारसंहितेचा भागच असावी. परदेशातल्या सहकाऱ्याला कल्चर पाठवण्याआधी ते स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीला सरकारी परवाना लागणाऱ्या दुहेरी वापराच्या वस्तूंच्या यादीत आहे का, हेही त्याच नोंदवहीत टिपले जावे.

तुमचे काम निव्वळ रासायनिक संश्लेषणाचे असेल तर हेग पुरेसे आहे, कायदा तुमच्या मागे उभा आहेच. वनस्पतींच्या किंवा जंतूंच्या विषांवर काम असेल तर दोन्ही घ्या. एरंडाच्या बीमधले रिसिन रासायनिक कराराच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विष म्हणून जैविक करारातही येते. बाकी जीवशास्त्राच्या विभागांनी तिआंजिन घ्यावे.

दोन्हींमध्ये नसलेले एक कलम मात्र स्वतः लिहा. ते माझ्या मते सगळ्यात आधी लिहावे. एखाद्या विद्यार्थिनीला बाजूच्या बाकावर चाललेल्या कामाबद्दल शंका आली, तर तिने कुणाकडे जायचे? ती व्यक्ती तिची गाइड नसावी, तिच्या प्रबंधावर जिची सही लागते अशी कुणी नसावी. कलमात ‘सक्षम अधिकारी’ असे लिहू नका, त्या व्यक्तीचे नाव आणि खोली क्रमांक लिहा. माणूस बदलला की कलमही बदला.