डिझेल फोर-व्हील-ड्राइव्हला घरीच बसवलेला नवा सेल्फ : 8 महिने आणि 9,000 किलोमीटरनंतर

गाडीचं इंजिन 4 सिलिंडर, अडीच लिटर, यांत्रिक पंपाचं डिझेल. फोर-व्हील लिव्हर हाताने टाकायचा. जुना सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटार) डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे मोटार थेट इंजिन फिरवणारा, 2.0 किलोवॉटचा, 10 किलोच्या वर वजन. नवा गिअर रिडक्शनचा, म्हणजे वेगवान लहान मोटार आणि मध्ये वेग कमी करणारे गिअर असलेला, 2.2 किलोवॉटचा, वजन 6 किलोच्या आसपास. क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून आणि डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून टॅकोमीटरने मोजलं, तेव्हा गार इंजिन जुन्या सेल्फवर मिनिटाला 130 फेरे घेत होतं. फक्त केबल आणि अर्थिंग नवं केल्यावर 165 झाले. नवा सेल्फ बसवल्यावर 215. म्हणजे एकूण सुधारणेतला 40 टक्के वाटा सेल्फचा नव्हताच. सेल्फ घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हे आकडे पाहावेत.

डिझेलला हे फेरे एवढे का लागतात? इथे ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. पिस्टन सावकाश वर आला की हवा रिंगांमधून निसटते आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. त्यामुळे मिनिटाला 100 फेऱ्यांच्या आसपास इंजिन फिरताना दिसतं, पांढरा धूर सोडतं, पण पेट घेत नाही. मग हीटर प्लग (गार सिलिंडर तापवणारे) बदलले जातात, पंपावर संशय घेतला जातो, आणि खरा दोष बॅटरीच्या केबलमध्ये असतो.

सेल्फ उतरवण्याआधीची तपासणी

मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा आणि मदतीला एक माणूस चावी फिरवायला घ्यायचा. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली गेली तर आधी बॅटरीचा लोड टेस्ट करून घ्यावा. त्यानंतर मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ फिरत असताना इथे 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात मोजायचं. तिथे 0.2 ते 0.3 च्या आत हवं. या गाडीत पॉझिटिव्ह बाजूला 0.9 आणि निगेटिव्ह बाजूला 0.4 व्होल्ट होते. बॅटरीवर 9.9 असताना सेल्फच्या वाट्याला 8.6 येत होते.

डिझेलचा सेल्फ 200 ते 400 अँपिअर ओढतो. 300 अँपिअर वाहत असताना जोडणीत एक मिलिओहम रोध असला तरी 0.3 व्होल्ट तिथेच जळतात, आणि एक मिलिओहम म्हणजे थिंबलखालचा (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याखालचा) किंचित हिरवा गंज. 50 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये याच करंटला दर मीटर लांबीला 0.1 व्होल्ट जातात, 25 च्या केबलमध्ये दुप्पट. म्हणून 50 च्या खाली जाऊ नये. केबल लांब असेल तर 70 चौरस मिलिमीटर घ्यावी. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेलीच हवी. हातोडीने चेपलेल्या थिंबलमध्ये तारांमध्ये हवा राहते, ओल शिरते आणि वर्षभरात पुन्हा तोच त्रास उभा राहतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. चावी फिरवल्यावर एकच जोरदार 'टक्' आणि पुढे काही नाही, तर बहुधा सेल्फवरच्या सोलेनॉइडमधले (मोटारीला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचमधले) तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा मोटारीचे कार्बन ब्रश संपलेत. 'टकटकटक' असा सलग आवाज आला तर बॅटरी उतरलीय, नाहीतर सोलेनॉइड ओढलेला धरून ठेवणारी होल्ड-इन कॉइल तुटलीय. मोटार घुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा (सेल्फचा दात पुढे नेऊन इंजिनला जोडणाऱ्या भागाचा) एकेरी क्लच घसरतोय. काहीच आवाज नाही, तर चावीची वायर येते त्या 50 क्रमांकाच्या बारीक टर्मिनलवर व्होल्टेज बघा. तिथे 9 च्या खाली असेल तर सेल्फला दोष देऊ नका. जुन्या गाड्यांमध्ये हा करंट थेट इग्निशन स्विचमधून जातो आणि स्विचचे कॉन्टॅक्ट आतून जळतात. मध्ये 40 अँपिअरचा रिले घातला की प्रश्न सुटतो, आणि स्विचही टिकतो.

कॉन्टॅक्टच झिजले असतील आणि सेल्फ प्लंजर प्रकारचा (आत सरकत्या दांड्यावरची चकती कॉन्टॅक्ट जोडते असा) असेल, तर मागचं झाकण तीन स्क्रूंवर उघडतं. दोन कॉन्टॅक्ट आणि प्लंजर बदलून काम भागतं. असा सेल्फ सरसकट फेकू नये. दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच वेळी बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना असला की प्लंजरची चकती तिरकी टेकते आणि नवा कॉन्टॅक्ट एका कडेने जळतो. इथे मात्र आर्मेचरचं (मोटारीच्या फिरत्या भागाचं) बुशही सैल झालं होतं आणि आर्मेचर आत घासत होतं, म्हणून पूर्ण सेल्फ घ्यावा लागला.

नवा सेल्फ जुळवून घेताना

गाडीचं मॉडेल सांगून मिळालेला सेल्फ डोळे झाकून बसवू नये. दोन्ही शेजारी ठेवून पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरचे) दात मोजा, दातांची जाडी पाहा, फिरण्याची दिशा पाहा, बोल्टच्या भोकांतलं अंतर मोजा. शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं : फ्लँजच्या (बोल्टची भोकं असलेल्या कडेच्या) सपाट तोंडापासून विसावलेल्या पिनियनच्या टोकापर्यंतचं अंतर. व्हर्नियरने घ्या. पिनियन 2-3 मिलिमीटर पुढे असेल तर इंजिन चालू असताना फ्लायव्हील रिंगला (इंजिनच्या चाकावरच्या ज्या दातांना पिनियन फिरवतो त्यांना) घासत राहतो. मागे असेल तर अर्ध्याच दातावर जोर येतो. मग चार-सहा महिन्यांत रिंगचे दात खातो, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली.

बसवण्याआधी गाडीबाहेर टेस्ट करायचाच. सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट पकडा, कारण सुरू होताच तो झटका मारतो. जंपर केबलने निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह जाड बोल्टला, आणि एका वायरने बारीक टर्मिनलला क्षणभर स्पर्श. पिनियन झटकन बाहेर येऊन फिरला पाहिजे आणि सोडताच परत आत गेला पाहिजे. हाताने फिरवला तर एका बाजूला मोकळा, दुसऱ्या बाजूला अडकलेला लागला पाहिजे.

उतरवणे

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये एक गोष्ट जीवावर बेतू शकते. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर गिअर टाकलेला असूनही, ऑटोमॅटिक 'पी'मध्ये असूनही गाडी घरंगळते. काही गाड्यांचा हँडब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमधून तो ब्रेक निकामी होतो. त्यामुळे ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-हायमध्ये (दोन चाकांच्या नेहमीच्या जागी), जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके, आणि चॅसीखाली जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. बऱ्याच उंच गाड्यांना उचलावंच लागत नाही. स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा) काढली की पुरेशी जागा मिळते.

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. सेल्फच्या जाड केबलला मध्ये फ्यूज नसतो. पाना बोल्टवरून चॅसीला टेकला तर तो तिथेच वेल्ड होतो.

खालचा बोल्ट सोपा. वरचा बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या खोळीच्या) पाठीमागे लपलेला असतो. त्यासाठी 60 ते 75 सेंटिमीटर एक्सटेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आणि सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करते. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवावं. वरच्या बोल्टवर अनेकदा अर्थिंगची पट्टी किंवा वायरिंगची क्लिप असते. ती कुठल्या क्रमाने होती त्याचा फोटो काढा. ही पट्टी परत लावायची राहिली तर करंट गिअरच्या आणि क्लचच्या तारांमधून वाट काढतो आणि त्या तापून जळतात.

सेल्फ निघाला की भोकातून टॉर्च मारून रिंगचे दात बघायची संधी सोडू नये. इंजिन बंद होताना नेहमी कॉम्प्रेशनच्या आधी थांबतं, त्यामुळे 4 सिलिंडरमध्ये रिंग समोरासमोरच्या दोन जागी झिजते, 6 सिलिंडरमध्ये तीन जागी. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याने इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. आत तेल दिसलं तर बहुधा क्रँकचं मागचं सील गळतंय. ते तसंच ठेवून नवा सेल्फ लावला तर तेल आणि क्लचची धूळ मिळून बेंडिक्सवर चिकट लेप बसेल.

बसवणे

नव्या सेल्फच्या फ्लँजवर रंग होता. सेल्फचं अर्थिंग याच पृष्ठभागातून होतं, म्हणून फ्लँज आणि बेल हाऊसिंगची बैठक दोन्ही वायर ब्रश व पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली. पिनियनला ग्रीस किंवा तेल लावू नये, धूळ धरते. दोन्ही बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे घ्यायचे, मग आळीपाळीने घट्ट. एम-10 बोल्टला साधारण 45 न्यूटन-मीटर पुरतं. बेल हाऊसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालावी लागते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यावा.

जाड केबलचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. न धरता आवळला तर बोल्टच फिरतो, बॅकेलाइटचं झाकण तडकतं आणि आतला कॉन्टॅक्ट वाकडा होतो. एम-8 ला 10 न्यूटन-मीटर भरपूर झाले. वर रबरी टोपी हवीच.

8 महिन्यांनंतर

आवाज बदलला. रिडक्शन सेल्फ उंच पट्टीत गुणगुणतो, कारण आतली मोटार पिनियनपेक्षा कितीतरी वेगाने फिरते. तो दोष नाही. गार इंजिन आता दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पेट घेतं, पूर्वी 6-7 सेकंद लागायचे. महिन्याभराने केबलचा नट तपासला तेव्हा जवळजवळ पाव फेरा घट्ट झाला. तांब्याची थिंबल दाबाखाली बसते, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. सहाव्या महिन्यात झाकण उघडून पाहिलं : कॉन्टॅक्टवर हलके काळे डाग, झीज दोन्हीकडे सारखी. वॉरंटी चालू असेल तर हे झाकण उघडू नका.

नाराजी दोन गोष्टींची. रंग हलक्या दर्जाचा आहे, चिखल-पाण्यातून चार वेळा गेल्यावर सेल्फच्या पिनियनकडच्या टोकाजवळ सोलला आणि तिथे गंज धरला. आणि सोबत आलेली रबरी टोपी एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक होऊन तडकली. जुन्या सेल्फची टोपी लावली, आणि जुना पत्र्याचा हीट शील्डही परत बसवला. नव्या सेल्फला त्यासाठी भोक नव्हतं, म्हणून स्टीलच्या क्लिपने बांधावा लागला. शील्ड नसताना चढावर गाडी दमून थांबली की लगेचच्या सुरुवातीला सेल्फ जड ओढत होता. आता तसं होत नाही.

पाण्यातून गाडी काढायची असेल तर गरम सेल्फ थेट बुडवू नये. गार होताना आतली हवा आकसते आणि सीलमधून गढूळ पाणी आत खेचलं जातं. बाहेर आल्यावर बेल हाऊसिंगखालचा वेडिंग प्लग (पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेलं बूच) काढून पाणी सोडायचं.

एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये किमान मिनिटभर थांबावं. रिडक्शनची मोटार लहान असते, लवकर तापते. आणि गाडीत बॅटरीच्या टर्मिनलचा पाना कायम ठेवावा, बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा लागतो. कॉन्टॅक्ट कधी एकमेकांना चिकटले तर चावी काढूनही सेल्फ फिरतच राहतो, आणि तेव्हा निगेटिव्ह काढणं हा एकच उपाय हाताशी असतो.