दातांच्या उपचारांचे व्हिडिओ: कोणते बघावेत, कोणते लगेच बंद करावेत

मराठीत दातांच्या उपचारांवर व्हिडिओ भरपूर आहेत, पण घाबरलेल्या माणसाला धीर देतील असे फार थोडे. हे मी सासूबाईंसोबत बसून बघितलं म्हणून सांगते. खालच्या दाढेचं रूट कॅनाल ठरलं, तशा त्या निफाडहून आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहायला आल्या. इंजेक्शनला त्या भीत नव्हत्या. "आत नेमकं काय करणार?" एवढंच त्यांना हवं होतं.

बहुतेक क्लिनिकचे व्हिडिओ नेमकी तिथेच बगल देतात. काळा पडलेला दात, जोरात संगीत, की लगेच पांढरीशुभ्र कॅप आणि शेवटी फोन नंबर. मधलं सगळं गायब. जाहिरात जरूर करावी, पण वर "संपूर्ण माहिती" असं लिहू नये.

समजायला सगळ्यात सोपे वाटले ते ॲनिमेशनचे व्हिडिओ. आम्हाला सापडलेले चांगले सगळे हिंदी-इंग्रजीतलेच होते. मी आवाज बंद करून मराठीत सांगत गेले: खालच्या दाढेत साधारण तीन, कधी चार नलिका असतात, फाईल नावाच्या बारीक सुईसारख्या हत्याराने त्यातला खराब झालेला गर काढतात, औषधाने धुतात आणि मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून नलिकांचं तोंड बंद करतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दाढ जागेवरच राहते, आतून साफ करतात. मग हे आधीच सांगायचं ना कोणीतरी!"

प्रत्यक्ष उपचाराचा व्हिडिओ असेल तर मी आता आधी रबर डॅम शोधते. दाताभोवती ताणून बसवलेला तो निळा किंवा हिरवा रबरी पडदा. त्यामुळे लाळेतले जंतू नलिकेत जात नाहीत, आणि फाईल किंवा औषध घशात पडत नाही. तो दाखवून कशासाठी लावला तेही सांगणारे डॉक्टर मनापासून शिकवतात, असा माझा अनुभव. आम्हीही मग आमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी तो हातात घेऊन दाखवला, तेव्हा सासूबाई निवांत झाल्या.

दात काढल्यावर काय करायचं यावरचे मराठी व्हिडिओ मात्र चांगले आहेत. कापूस दाबून धरा, पहिला दिवस चूळ जोरात भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, नाहीतर रक्ताची गुठळी निघून येते. छोटे, कामाचे, फॉरवर्ड करावेत असे.

लिंबू आणि खायचा सोडा चोळून दात पांढरे करायला सांगणारे व्हिडिओ दिसले की माझा संताप होतो. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 2 ते 3 च्या आसपास असतो, आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, साधारण 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. गेलेलं एनॅमल परत येत नाही. खाली "ताई, खूप छान उपाय" अशा कमेंट असतात, आणि त्यात कितीतरी शाळकरी मुली असणार. असे व्हिडिओ रिपोर्ट करा.

"तीन दिवसांत पक्के दात"वाल्या इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर कृत्रिम दात बसवण्याच्या, व्हिडिओंनाही मी कमीच गुण देईन. नेहमीच्या पद्धतीत स्क्रू हाडात पक्का बसायला साधारण तीन ते सहा महिने जातात. काहींना लवकर दात बसवता येतात, पण कोणाला? हाड किती शिल्लक आहे, साखर ताब्यात आहे का, तंबाखू चालू आहे का, हे न सांगता नुसतं हसणारं तोंड दाखवणं मला पटत नाही.

सासूबाईंना मधुमेह आहे आणि तरुणपणी त्या मशेरी लावायच्या. त्यांच्यासारख्या बायका निफाड, सिन्नर, दिंडोरीत घरोघरी आहेत. मशेरीने हिरड्यांचं काय होतं, साखर वाढलेली असताना दात काढताना कोणती काळजी घ्यायची, यावर साध्या मराठीत नीट व्हिडिओ आम्हाला मिळाला नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, डेंटल कॉलेज पंचवटीत. तिथल्या विद्यार्थ्यांनी असा एक व्हिडिओ केला, तर माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही ग्रुपवर मी तो आधी टाकेन.