शेवरोलेवाल्यांनो, 'कंपनीचा पार्ट्स प्लॅन' म्हणून फोन आला तर आधी हे वाचा

ज्यांच्या दारात अजून शेवरोले उभी आहे, बीट, स्पार्क, सेल, एन्जॉय, टवेरा, क्रूझ कुठलीही, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. फोर्डवाल्यांनी पण वाचा, कारण मला फसवणारी टोळी आता तुमच्याकडे वळलीये. लांबलंय थोडं, पण माझे पैसे नेमके कुठल्या वाटेने गेले ते बारकाईने सांगितल्याशिवाय काही उपयोग नाही.

माझी बीट डिझेल, 2013 ची. 936 सीसी, तीन सिलिंडर, तो बाईकसारखा मीटर. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगतो. कागदावर 24-25 चं अॅव्हरेज आणि हायवेला मला तिने कधी 20 च्या खाली दिलं नाही, चिंचवड-सातारा फेऱ्या मारून मारून मी वैतागलो पण ती नाही. प्रॉब्लेम गाडीचा नाही, गाडीच्या मागे कोणी उरलं नाही हा आहे. मे 2017 मध्ये शेवरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने जाहीर केलं की वर्षअखेरीला भारतात विक्री बंद, सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील असं सांगितलं आणि ते मिळत होतेही, पण शोरूम एकेक करून दुसऱ्या ब्रँडच्या झाल्या, आपला ओळखीचा अॅडव्हायझर एक दिवस कियाचा टी-शर्ट घालून दिसतो, आणि मग एखादा साधा पार्ट पाहिजे असला तरी चार ठिकाणी फोन करावे लागतात. या फोन करण्याच्या कंटाळ्यावरच या लोकांचं दुकान चालतं.

फोन आला तेव्हा समोरचा माणूस एकदम सराईत. "सर, शेवरोले कस्टमर केअरमधून बोलतोय, आपली बीट एलटी डिझेल ना, मिस्टी लेक कलर?" पुढे चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे सांगितले, शेवटची अधिकृत सर्व्हिस कुठल्या महिन्यात झाली तेही सांगितलं. हे सगळं बरोबर होतं. माझा अंदाज असा की शोरूम बंद होताना तिथल्या कंप्युटरमधल्या गिऱ्हाइकांच्या याद्या कुणीतरी पेन ड्राइव्हवर घालून बाहेर नेल्यात, नाहीतर सर्व्हिसचा महिना कुणाला कळणार? म्हणजे समोरच्याला आपली गाडी तोंडपाठ आहे यावरून तो कंपनीचा ठरत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा.

आणि हा पठ्ठ्या इतिहास सांगत होता हो! "सर आपली कंपनी 1928 पासून भारतात आहे, कस्टमरला सोडून जाणार नाही." यातलं 1928 खरं आहे. त्या वर्षी जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता, देशातला पहिला. पण त्याने पुढचं सोयीस्करपणे गाळलं, की सुटे भाग नुसते आणून जुळवणाऱ्यांना सरकारने नको म्हटल्यावर 1954 मध्ये कंपनी तो गाशा गुंडाळून गेली. मग 1994 ला हिंदुस्थान मोटर्सचा हात धरून ओपेल घेऊन परत आली, गुजरातमध्ये हालोलला अॅस्ट्रा बनवली, 2003 ला शेवरोले नाव आणलं, 2008 ला आपल्या तळेगावचा प्लँट सुरू केला, आणि 2017 ला परत रामराम. सोडून जाणार नाही म्हणे! दोनदा गेलेली कंपनी आहे ही. खरं तर ते रक्तातच असावं, कारण 1908 मध्ये मिशिगनच्या फ्लिंट गावात ज्या विल्यम ड्युरंटने ही कंपनी काढली तो मूळचा घोडागाड्या बनवणारा, त्याला दोन वर्षांत बँकांनी बाजूला केलं, त्याने बाहेर पडून लुई शेवरोले नावाच्या रेसरबरोबर दुसरी कंपनी काढली, तिच्या जोरावर 1916 ला जनरल मोटर्स परत हातात घेतली आणि 1920 ला पुन्हा बाहेर. म्हातारपणी दिवाळं निघालं आणि फ्लिंटमध्येच बोलिंगचं दुकान चालवलं त्याने. असो.

तर प्लॅन काय होता, 'पार्ट्स रिझर्व्हेशन अँड केअर'. पाच वर्षं पार्ट राखून ठेवणार, लेबर फुकट, वर्षाला एक इन्स्पेक्शन, गाडी घरून नेणार आणि घरी आणून देणार. साडेअठरा हजार. कारण असं सांगितलं की सरकारी नियमाने कंपनीला दहाच वर्षं पार्ट द्यावे लागतात, ती आता संपत आली, त्यामुळे ज्यांनी नाव नोंदवलं त्यांनाच पुढे मिळणार. कुठला नियम, कुठलं कलम म्हटल्यावर "सर मी डिटेल मेल करतो". मेल आला तो सोनेरी बो-टाय लोगो, हालोलचा पत्ता, जीएसटी नंबर सगळं घालून, एकदम टापटीप. पैसे यूपीआयने घेतले आणि खातं कंपनीच्या नावावर नव्हतं, कुणा एका माणसाच्या नावावर. विचारलं तर म्हणे कंपनीने विक्री बंद केलीये ना सर, म्हणून कलेक्शन चॅनल पार्टनरकडे दिलंय. ऐकायला पटतं बघा, कंपनी खरंच बंद असल्यामुळे काहीही विचित्र दिसलं की तेच उत्तर चालतं.

पण साडेअठरा हजार हे नुसतं आमिष होतं, खरा धंदा पुढे. तेव्हा माझ्या गाडीचं पिकअप कमी झालं होतं, चढाला दम लागायचा, काळा धूर. फ्री इन्स्पेक्शनला मुलगा आला, गाडी घेऊन गेला, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ, टॉर्च मारून कुठलातरी तेलकट भाग दाखवतोय, "सर टर्बो गेलाय, प्लॅनमध्ये लेबर फ्री, पार्टचे फक्त 38 हजार, स्टॉकमध्ये शेवटचा पीस आहे." टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा. व्हिडिओत गाडीचा नंबर कुठेच दिसत नाही, नुसतं इंजिन. ते इंजिन माझंच कशावरून? पैसे दिल्यावर गाडी आली, बरोबर रिकामा खोका, त्यावर पार्ट नंबरचा स्टिकर. जुना टर्बो मागितला तर "सर तो कंपनीला एक्स्चेंजमध्ये जमा करावा लागतो". गाडी आठवडाभर बरी पळाली आणि खंबाटकी घाटात परत तीच बोंब.

मग मी पुण्याला नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात गेलो. एका ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून हात घातला आणि दोन मिनिटांत हसायलाच लागला. टर्बोकडून येणारा हवेचा होज फाटला होता, त्याच्यावर काळी टेप गुंडाळलेली, घाटात प्रेशर आलं की टेप सुटायची. "दादा, तुमच्या टर्बोला काहीच झालेलं नसणार, हा होज बदलला असता तर हजारात काम होतं." नंतर बसवलेला टर्बो खाली उतरवला. बाहेरून मस्त चकचकीत, सँड ब्लास्ट मारलेला. स्टिकर नखाने सोलला तर खाली पिवळ्या मार्करने देवनागरीत 'बीट डि' असं लिहिलेलं, भंगारवाले गाडी तोडताना पार्टवर लिहितात तसं, आणि आतल्या शाफ्टला बोटाने हलवला तर खुळखुळत होता. म्हणजे माझा धडधाकट टर्बो काढून नेला आणि तोडलेल्या गाडीतला रंगवून बसवला. माझा आता कुणाच्या तरी बीटमध्ये 'शेवटचा पीस' म्हणून 38 हजाराला गेला असेल.

खोक्यावरचा पार्ट नंबर मात्र बरोबर होता. त्यावर तो मेकॅनिक म्हणाला नंबर काय कोणीही छापतो. पण मला त्यावरून अमेरिकेतली ती इग्निशन स्विचची भानगड आठवली, माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. शेवरोले कोबाल्ट आणि त्याच घरातल्या इतर काही गाड्यांचा चावीचा स्विच ढिला होता, कीचेन जड असली किंवा खड्ड्यात आदळली की चालत्या गाडीत चावी मागे फिरायची, इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग बंद, आणि मुख्य म्हणजे एअरबॅग बंद. कंपनीतल्या इंजिनिअर लोकांना हे कितीतरी वर्षं आधी दिसलं होतं. 2006 मध्ये सुधारलेला स्विच गुपचूप मंजूर झाला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! त्यामुळे बाहेरच्या कुणाला कळेना की जुन्या गाड्यांमध्ये आणि नव्या गाड्यांमध्ये वेगळा स्विच आहे, अपघातांचा तपास करणारे चक्रावले, आणि दुकानांत जुना-नवा माल एकाच नंबराने मिसळला. 2014 ला सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या, भरपाईसाठी जो फंड केला त्याने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि 2015 मध्ये अमेरिकन सरकारशी तडजोड करून 90 कोटी डॉलर भरावे लागले. आता सांगा, खुद्द कंपनीच्या नंबराने हे होत असेल तर खोक्यावरच्या स्टिकरला काय जाळायचंय? पार्ट हातात घ्या, जुना आपल्यासमोर निघू दे, नवा आपल्यासमोर बसू दे, आणि जुना डिकीत टाकून घरी आणा.

आपल्याकडचं उदाहरण पण कमी नाही. माझ्या मावसभावाची टवेरा वाई-पाचगणी टूरवर असायची, दणकट गाडी, दहा माणसं भरून घाट चढायची, अजून नाव काढतो तिचं. त्याच टवेराच्या 1 लाख 14 हजार गाड्या जुलै 2013 मध्ये परत बोलवायला लागल्या, 2005 पासूनच्या सगळ्या. कंपनीनेच सरकारला कळवलं की काही कर्मचारी प्रदूषण तपासणीच्या गाड्यांमध्ये कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवत होते, वजनही चुकीचं दाखवत होते. नोकऱ्या गेल्या लोकांच्या. तपासणीला एक इंजिन आणि गिऱ्हाइकाला दुसरं. माझ्या व्हिडिओतला टर्बो आणि गाडीतला टर्बो, हिशोब तोच, फक्त हे चोर छोटे.

आता जीएसटी नंबरची गंमत. नंबर 24 ने सुरू होत होता, 24 म्हणजे गुजरात, आणि पत्ता हालोलचा, त्यामुळे सगळं जुळल्यासारखं वाटत होतं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, तळेगाव प्लँटला होते, इथून बीट मेक्सिकोला जायच्या तेव्हा, डिसेंबर 2020 ला उत्पादन थांबेपर्यंत. त्यांना पावती दाखवली तर ते पहिल्यांदा पत्त्यावरच अडकले. "अरे हालोलचा प्लँट 2017 लाच बंद झाला, तिथे एमजीच्या गाड्या बनतात आता. आणि आपला तळेगावचा ह्युंदाईने घेतला. शेवरोलेवाला तिथे बसेल कुठे, गेटवर?" मग त्यांच्या मुलीने, ती टॅक्सचं काम करते, नंबर वाचायला शिकवला. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र 27, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ त्या धंदेवाल्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की मालक कोण, कंपनी असेल तर 'सी', एकटा माणूस असेल तर 'पी'. म्हणजे जीएसटी नंबरचं सहावं अक्षर बघायचं. माझ्या पावतीवर 'पी'. जनरल मोटर्स 'पी'! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, तिथे मोबाईल अॅक्सेसरीजचं दुकान निघालं, तेही रद्द झालेलं रजिस्ट्रेशन. त्या दुकानदाराला तरी आपला नंबर वापरला जातोय हे माहीत असेल का कोण जाणे.

मी ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी जायचो तिथल्या जुन्या अॅडव्हायझरलाही विचारलं, तो म्हणाला असा प्लॅन आमच्याकडे कधी नव्हता आणि तुम्ही हे विचारणारे पहिले नाही.

पैसे जाऊन थोडेच तास झाले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन करा, खातं गोठवायची संधी तेवढ्यातच असते. मला कळेपर्यंत खूप उशीर झाला होता, ऑनलाईन तक्रार घेतली पण पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले की तुम्ही काम करून घेतलंय, बिल आहे, हा दिवाणी मामला वाटतो. वाटू दे. साडेअठरा आणि अडतीस, साडेछपन्न हजार आहेत, सोडायचे कशाला. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर नोंद केली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात म्हणून लिहितो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी शून्य आहे, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाता येतं, पावती गुजरातची असली म्हणून तिकडे खेटे घालायला लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. इन्स्पेक्शनला गाडी जिथे नेली होती त्या गॅरेजवाल्याला आणि यूपीआय खात्याच्या मालकाला मी दोघांना पार्टी केलंय. गॅरेजवाल्याचं म्हणणं, मी फक्त जागा भाड्याने दिली होती. पिकअपला आलेल्या मुलाच्या टी-शर्टवर त्याच गॅरेजचं नाव होतं, आणि तो गाडी नेताना आमच्या गेटच्या कॅमेऱ्यात दिसतो. ते फुटेज सोसायटीच्या मशीनवरून पुसलं जायच्या आत काढून घेतलं हे एक बरं झालं.

जुन्या गाडीला पार्ट मिळतच नाहीत ही भीती पण हेच लोक पसरवतात. स्पार्कचं काही सामान देवूच्या जुन्या मॅटिझचं चालतं, बीटचे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट चांगल्या नावाच्या कंपन्यांचे नाना पेठेत मिळतात, मुंबईवाल्यांना कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. भंगारातला पार्ट भंगार म्हणून, भंगाराच्या भावात घेतला तर त्यात काही वाईट नाही, मी आता जो टर्बो बसवलाय तो तसाच आहे, शाफ्ट हलवून बघून घेतलेला.

फोर्डवाल्यांना वर का हाक मारली तर फोर्डने सप्टेंबर 2021 ला इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि परवा त्याच मावसभावाला त्याच्या फिगोसाठी फोन आला. प्लॅनचं नाव तेच, रक्कम पाचशे रुपयांनी जास्त. त्याने मी सांगितल्याप्रमाणे एवढंच विचारलं की आधी जीएसटी नंबर व्हॉट्सअॅप करा, बघून मग बोलू. नंबर आला. 24 ने सुरू, सहावं अक्षर 'पी'. तो स्क्रीनशॉट मी पुढच्या तारखेला आयोगात जोडतोय.