गुडघा बदलल्यानंतर फिटनेस बँड: काही महिन्यांच्या वापरानंतर

बँड घेतला तो जास्त चालणं व्हावं म्हणून. उपयोगी पडला तो मात्र कुठे थांबायचं हे कळायला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ही दुसरी गोष्ट जास्त अवघड जाते, निदान मला तरी गेली.

सुरुवातीच्या आठवड्यांत त्यावरचे आकडे बघून वैताग येतो. मनगटावरचा बँड पावलं ओळखतो ती मुख्यतः हाताच्या हालचालीवरून. वॉकर धरला की दोन्ही हात जागच्या जागी, त्यात चाल मुंगीची. घरभर फिरून आलं तरी बँड जेमतेम काही पावलं दाखवतो. मी तो चांगल्या पायाच्या घोट्याला बांधायला लागले आणि आकडा बराच खरा यायला लागला. ऑपरेशनच्या पायाला बांधू नका, तिथे सूज असते आणि पट्टा रुततो. घोट्यावर नाडीचे आकडे धड येत नाहीत, तेवढं सोडून द्यायचं. पुढे काठी आली. काठी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरतात, त्यामुळे माझ्या डाव्या गुडघ्यासाठी काठी उजव्या हातात आणि बँड मोकळ्या डाव्या मनगटावर, असं छान जमून गेलं.

पहिल्याच दिवशी करायचं काम म्हणजे सेटिंगमधलं दहा हजारांचं लक्ष्य पुसून टाकणं. तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही; १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. नव्या गुडघ्याला तो लावण्यात काही अर्थ नाही. माझं लक्ष्य फिजिओने सांगितलं तेवढंच, आणि तेही आठवड्याला थोडंथोडं वाढवत. सलग इतके दिवस लक्ष्य पूर्ण केल्याबद्दल मिळणारी ती पदकंही बंद करून टाका. सूज असताना पदकासाठी चालण्यात कसली हुशारी!

खरी मजा पुढे आली. रोज सकाळी गुडघ्याच्या वाटीवरून टेप फिरवून घेर मोजायचा, दुखणं दहापैकी किती ते लिहायचं आणि शेजारी आदल्या दिवशीची पावलं. काही आठवड्यांनी वही चाळताना लक्षात आलं की फुगलेल्या सकाळी आणि जास्त पावलांचे दिवस यांची जोडी दरवेळी लागत नाही. मग ॲपमधला तासातासाचा आलेख उघडला. तेवढीच पावलं दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी झाली असतील तर गुडघा गप्प असायचा. एकाच फेरीत उरकली असतील तर दुसऱ्या दिवशी सूज, आणि वाकवताना कटकट. फिजिओला आलेख दाखवला तेव्हा तिने एकूण आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त लांब फेरीचे दोन भाग करायला सांगितले. 'किती चाललात?' या प्रश्नाला आपण अंदाजाने जे उत्तर देतो त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तासाला एकदा थरथरून 'उठा' म्हणणारी सोय साधी, पण मला सगळ्यात जास्त तीच लागली. बसून राहिलं की गुडघा आखडतो, आणि पुस्तक हातात असलं की वेळ कळत नाही.

आता जे बँडला दिसतच नाही ते. टाच सरकवत गुडघा वाकवणं, मांडीचा स्नायू आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं, हे सगळं त्याच्या लेखी आराम. दिवसातला सगळ्यात घाम काढणारा वेळ आणि पावलं शून्य. स्थिर सायकलचीही तीच गत, व्यायामाचा प्रकार हाताने निवडला तर निदान वेळ तरी नोंदला जातो. गुडघा किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का, हे तर मनगटावरून कळायचं नाहीच. सपाट चालायला साधारण ६०-७० अंश पुरतात, खुर्चीतून नीट उठायला नव्वदच्या आसपास लागतात. म्हणजे पावलांचा आलेख झकास चढत असतानाही खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागू शकतो. त्यासाठी फिजिओचा गोनिओमीटरच हवा, म्हणजे सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं साधन. लंगडत टाकलेलं पाऊल आणि सरळ टाकलेलं पाऊल बँडला सारखंच. आयफोन खिशात ठेवून चाललं तर दोन्ही पायांच्या चालीतला फरक टक्क्यांत दिसतो. एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, महिन्याचा कल बघा.

झोपेचे आकडे मी बघणं सोडलं. दुखण्यामुळे छताकडे बघत निपचित पडलेली रात्रही तो गाढ झोपेत धरायचा. विश्रांतीच्या वेळची नाडी ऑपरेशननंतर चढली आणि हळूहळू उतरली, ते बघून बरं वाटलं, इतकंच. पोटरी दुखून सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर बँड काय म्हणतो ते बघत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. रक्ताच्या गुठळीची शंका असते आणि ती या यंत्राला कळत नाही.

घेणार असाल तर ऑपरेशनच्या दोनतीन आठवडे आधीच घ्या आणि घालून वावरा. चार्जिंग आणि ॲप तेव्हाच अंगवळणी पडतं, शिवाय जुन्या दुखऱ्या गुडघ्यावर आपण किती चालत होतो तो आकडा हाताशी राहतो. शेजारच्यांच्या पावलांपेक्षा तुलनेला तोच बरा.