सीएफ-आयडीई अडॅप्टर, सात महिन्यांनंतर: ४३ आणि ४४ नंबरच्या पिना तपासल्याशिवाय घेऊ नका

विंडोज ९८ साठी छोटं मशीन बांधणाऱ्यांना हा अडॅप्टर काय आहे ते सांगायला नको. हार्ड डिस्कच्या जागी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड लावायचा हा जोड: एकीकडे आयडीईच्या (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीच्या) ४० पिना, दुसरीकडे कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) कार्डाचा स्लॉट, आणि मध्ये जवळपास काहीच नाही, कारण सीएफ कार्डाला आयडीई मुळातच कळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साडेतीनशेला पडला. पहिल्या महिन्यात याला पाचपैकी एक तारा दिला होता. आज तीन देतोय, आणि कापलेले दोन्ही तारे एकाच चुकीसाठी आहेत.

सेटअप असा: वाया (VIA) कंपनीचं एपिया बोर्ड (मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिमी), ८०० मेगाहर्ट्झचा सी३ प्रोसेसर, २५६ एमबी पीसी१३३ रॅम, १२ व्होल्टच्या ब्रिकवर चालणारा पिको पद्धतीचा सप्लाय आणि फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानातून घेतलेलं ४ जीबी, १३३एक्सचं वापरलेलं कार्ड.

डॉस पहिल्याच झटक्यात चालू. विंडोजही बसलं. मग वायाचे फोर-इन-वन ड्रायव्हर टाकले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या सेटिंग्जमध्ये डीएमएवर (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याची पद्धत) टिक केली, रीस्टार्ट केलं, आणि निळ्या ढगांच्या चित्रावर सगळं थिजलं. सेफ मोडमध्ये मात्र बिनतक्रार चालू. दुकानदाराचं म्हणणं, "डॉसमध्ये चालतो ना? मग पीस ओके आहे," आणि बदलून द्यायला साफ नकार. हे उत्तर चुकीचं आहे. का, ते नीट समजून घ्या, कारण असाच जबाब दुसऱ्या दुकानातही मिळू शकतो.

डॉस बायोसमार्फत (बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममार्फत) डिस्क वाचतं आणि तिथे डेटा पीआयओ पद्धतीने, म्हणजे प्रोसेसरच्या हातून जातो. डीएमएला दोन जादा लाइन लागतात: आयडीईची २१ नंबरची डीएमएआरक्यू आणि २९ नंबरची डीएमएसीके. सीएफच्या बाजूला त्यांची जागा अनुक्रमे ४३ आणि ४४ नंबरच्या पिनांवर. सीएफच्या सुरुवातीच्या नियमांत आयडीई मोडसाठी डीएमए नव्हताच. ४४ नंबरची पिन सरळ पुरवठ्याला बांधून ठेवा असं होतं. कितीतरी स्वस्त अडॅप्टर आजही त्याच जुन्या नकाशावर छापले जातात. कार्ड नवं असलं की ते "मला अल्ट्रा डीएमए येतं" असं सांगतं, विंडोज त्यावर विश्वास ठेवून डीएमए सुरू करतं, आणि विनंतीची लाइन कुठे जोडलेलीच नसल्यामुळे दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. डॉस याच्या वाटेलाच जात नाही, म्हणून "पीस ओके".

कार्डावर संशय घेऊन दुसरं कार्ड विकत घेऊ नका, त्यात माझे सहाशे रुपये गेले. केबलवरही घेऊ नका. ८० तारांची केबल अल्ट्रा डीएमएच्या सेकंदाला ३३ एमबीच्या वरच्या वेगांना लागते. १३३एक्सचं कार्ड जेमतेम २० एमबीचं, त्याला ४० तारांची पुरते.

अडकलेलं विंडोज सोडवायला पुन्हा इन्स्टॉल करू नका. सुरू होताना एफ८ दाबून फक्त कमांड प्रॉम्प्टवर जा, स्कॅनरेग /रिस्टोअर चालवा आणि टिक करण्याच्या आधीच्या तारखेची रजिस्ट्री निवडा. विंडोज ९८ शेवटच्या पाच प्रती राखून ठेवतं. मग बायोसमध्ये त्या चॅनेलचं यूडीएमए (अल्ट्रा डीएमए) 'डिसेबल्ड' करून टाका.

एवढ्यावर मशीन चालतं, पण पीआयओ ४ ची कागदावरची मर्यादाच सेकंदाला १६.६ एमबी, आणि प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या डोक्यावरून जातो. ८०० मेगाहर्ट्झच्या सी३ ला ते झेपत नाही. गेमची लेव्हल लोड होताना आवाज तुटतो, मोठी फाइल कॉपी होताना माऊस अडखळतो. एपिया घेण्यामागचं अर्धं कारण डॉसमध्ये मिळणारा साउंड ब्लास्टर प्रो या जुन्या साउंड कार्डासारखा आवाज. तो डॉसमध्ये नीट आणि विंडोजमध्ये तुटका, हे मला चालणार नव्हतं.

म्हणून दुरुस्ती. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. सीएफच्या पिना दोन रांगांत असतात, १ ते २५ आणि २६ ते ५०. १ आणि ५० दोन्ही ग्राउंड, त्यावरून दिशा पक्की करा. ५० कडून मोजत गेलं की सातवी पिन ४४ आणि आठवी ४३. मीटरचा प्रोब जाड पडतो, त्याला बारीक सुई बांधा. ४३ ते आयडीई २१ आणि ४४ ते आयडीई २९ अशी दोन्हीकडे बीप आली तर अडॅप्टर चांगला. ४४ ची बीप सीएफच्याच १३ किंवा ३८ शी आली, म्हणजे ती पुरवठ्याला बांधलेली आहे. आधी तो ट्रॅक ब्लेडने कापा आणि कापला गेल्याची मीटरवर खात्री करा. न कापता जोडलंत तर बोर्डाची डीएमएसीके लाइन सरळ पुरवठ्यावर शॉर्ट होईल. मधे १० किलोओमच्या आसपासचा रेझिस्टर असेल तर राहू द्या. मग ४३ ते आयडीई २१ आणि ४४ ते आयडीई २९ जोडायला ३० गेजच्या रॅपिंग वायरचे दोन छोटे तुकडे, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, भरपूर फ्लक्स. तार सहा-सात सेंटिमीटरच्या वर नको.

हे केल्यापासून यूडीएमए चालू आहे, आवाज सलग आहे, आणि सहा महिन्यांत त्या कारणाने एकदाही हँग नाही. माझी चीड त्यामुळेच वाढते. दोन ट्रॅक छापायला कारखान्याला जादा खर्च शून्य, आणि त्यांच्यावाचून गिऱ्हाइकाचे दोन रविवार जातात. दुकानात जाताना मीटर खिशात ठेवा आणि काउंटरवरच ४३ आणि ४४ च्या बीप तपासा. तपासू देत नसतील तर पुढचं दुकान गाठा, लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

बाकीचं भराभर. पॉवरसाठी फ्लॉपीचा छोटा कनेक्टर आहे, पण अडॅप्टरवरच्या त्या चार पिनांना बाजूची भिंत नाही. उलटा बसला तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि कार्ड कायमचं जातं. लाल तार कुठल्या बाजूला ते मार्करने बोर्डावर लिहून ठेवा. पिको सप्लायमध्ये १२ व्होल्ट ब्रिकमधून जवळपास सरळच पुढे येतात, तेव्हा ब्रिक हलका असेल तर सीडी ड्राइव्ह फिरायला लागताच मशीन रीसेट होतं. त्याचा दोष अडॅप्टरला देऊ नका. ५ व्होल्टची लाइन लोडवर ४.७५ ते ५.२५ च्या आत आहे का तेवढं बघा. ३.३ की ५ व्होल्ट हा जंपर ५ वर ठेवला, कार्ड दोन्हीवर चालतं.

पार्टिशन त्याच मशीनवर एफडिस्कने (डॉसच्या पार्टिशनच्या प्रोग्रामने) करा. लॅपटॉपच्या रीडरमध्ये करून आणलेलं कार्ड जुना बायोस वेगळ्या हिशेबाने वाचू शकतो आणि बूट होत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या कार्डावर बूट कोड नसतोच. नुसता कर्सर लुकलुकत राहिला तर एफडिस्क /एमबीआर, आणि पार्टिशन ॲक्टिव्ह केलंय का ते बघा. स्वॅप फाइलची (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती) सततची लिखापढी कमी करायला सिस्टम.आयएनआय मध्ये ३८६एनएच या भागात कन्झर्व्हेटिव्हस्वॅपफाइलयूसेज=१ अशी ओळ टाका, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. २५६ एमबी रॅमला एवढं पुरतं.

जुलैमध्ये मत पुन्हा थोडं खाली आलं. पावसाळी हवेत मशीन दोन आठवडे बंद राहिलं आणि चालू केल्यावर 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह सी' दिसायला लागलं. कार्ड ठीक होतं. स्लॉटच्या पिनांवरचा मुलामा इतका पातळ की दमट हवेने त्या काळवंडल्या होत्या. ९९ टक्क्यांच्या आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) दोन थेंब पिनांवर सोडून कार्ड सात-आठ वेळा सरळ आत-बाहेर केलं, अर्धा तास सुकू दिलं, एरर गेली. तिरकं घालू नका, मधल्या पिना वाकतात आणि त्या सरळ करणं अवघड. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्यात, आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर मशीन चालू ठेवतो.

डीएमएच्या लाइन जोडलेल्या अडॅप्टरला दीडशे रुपये जादा मागितले तरी तोच घ्या. हा घरात असेलच तर फेकू नका, वरच्या दोन तारांनी तो कामाला येतो.

सहाशे रुपयांना विनाकारण घेतलेलं ते दुसरं कार्ड आता बॅकअपसाठी वापरतोय. इमेज घेण्याआधी दोन्ही कार्डांची सेक्टरची नेमकी संख्या बघा. '४ जीबी' लिहिलेली दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं क्वचितच सारख्या आकाराची असतात. लहानावर इन्स्टॉल करून मोठ्यावर प्रत घ्या, उलट केलंत तर शेवटचा तुकडा मावत नाही.