आधी मोठ्यांनी सावरायला शिकायचं: बालवाडीत महिनोन्‌महिने वापरल्यानंतर

नागपुरात मानेवाड्याकडे एका छोट्या बालवाडीत मी शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ताया आणि मदतनीस मावशी अशा सगळ्यांनी मिळून एक प्रशिक्षण केलं, लहान मुलांना रागातून, अडचणीतून सावरायला शिकवण्याचं, आणि तेव्हापासून ते रोज वर्गात वापरतोय. घ्यावं का? नक्की घ्यावं. फक्त एकट्याने घेऊ नये.

मूळ रचना टोरांटोत तयार झालेल्या ‘रीचिंग इन रीचिंग आउट’ या कार्यक्रमाची. आठ वर्षांखालच्या मुलांसोबत दिवस काढणाऱ्या मोठ्यांसाठी तो आहे. पहिल्या भागात मुलं जवळजवळ नसतातच. तिथे आपण स्वतःकडे बघायचं असतं. घटना, त्यावर मनात आलेला विचार आणि मग येणारा राग किंवा रडू, ही मांडणी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1950च्या दशकातली. मधला विचार आपल्याला ऐकूच येत नाही. सकाळी एखादे पालक दारातच तक्रार करून जातात, ‘माझी कुणाला कदरच नाही’ हे डोक्यात घोळत राहतं आणि मग कुणी पाणी सांडलं की आवाज चढतो. त्यात त्या पाण्याचा काय दोष? हा मधला विचार पकडायची सवय लागणं, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

दुसऱ्या भागात हेच मुलांसमोर, मोठ्याने करायचं. मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहिलेली मुलं स्वतःही तसंच मारतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्ये दाखवलं होतं. मारणं उचलतात तशी ती सावरणंही उचलतात, या भरवशावर सगळं उभं आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलं लाकडी बैल मिरवतात त्या सणाच्या, तयारीत पंख्याच्या वाऱ्याने कापून ठेवलेले सगळे पताकांचे कागद उडाले. मी मुलांना ऐकू जाईल असं म्हटलं, “मला राग आलाय. आधी एक मोठा श्वास घेते. आता मावशींना हाक मारते, मिळून गोळा करू.”

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एकाच्या लाकडी बैलाचं चाक निखळलं. तो तिथेच बसला आणि रडायला लागला, “आता मला बोजारा नाही भेटणार!” (बोजारा म्हणजे बैल मिरवल्यावर मुलांना मिळणारी भेट.) शेजारच्या मुलीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जोरात श्वास ओढला आणि ओरडली, “मावशी, इकडे या!” त्याला काही समजावणं नाही, उपदेश नाही. मावशींनी सुतळीने चाक बांधलं आणि बैल खरडत खरडत का होईना, रांगेत निघाला. मदत मागणं हेही कौशल्यच आहे, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते मला त्या दिवशी खरं पटलं.

आता जिथे हे कमी पडतं ते. विचारांच्या चुकीच्या सवयींवरचे तक्ते फार आहेत. निम्मे पुरले असते. उदाहरणं थोडी मुलं असलेल्या वर्गांची आहेत, आमच्या भरलेल्या वर्गाची नाहीत. एप्रिलच्या उन्हात वीज गेली की श्वास मोजून काही होत नाही. पाणी पाजावं लागतं, सावलीत न्यावं लागतं. आणि घरी “मुलगा असून रडते काउन?” हेच ऐकू आलं, तर सकाळचं शिकवणं संध्याकाळी पुसलं जातं. म्हणून आम्ही पालकसभेत आईबाबांसोबत आजी-आजोबांनाही बोलावलं. आज्या आल्या, सरावही केला. बाबा मंडळी फार थोडी आली.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. घरी मार खाणाऱ्या किंवा उपाशी येणाऱ्या मुलाला ‘सावरायला’ शिकवून आपण मोकळं व्हायचं नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. अत्यंत कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट उभी राहिली आणि त्यांना भरवशाचं निदान एक मोठं माणूस लाभलं होतं, असं वर्नर यांना दिसलं. ते माणूस होणं हे आपलं काम, मुलाचं नव्हे.

घेणार असाल तर मदतनीस मावशींना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा, कारण रडणारं मूल आधी त्यांच्याकडेच धावतं. आणि सराव मराठीतून घेणारी व्यक्ती मागा. आम्हाला बरेचसे संवाद आमचे आम्हीच बसवून घ्यावे लागले. काही महिन्यांनी पुन्हा एक बैठक होईल का, हेही आधीच ठरवून घ्या. आमची झाली नाही आणि दिवाळीनंतर सगळ्यांचाच सराव ढिला पडला होता.