तुरटीच्या पाण्यातील अ‍ॅल्युमिनियमसाठी मोरिन : वापरानंतरचा अभिप्राय

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळण्याची आपली पद्धत जुनी असली, तरी निवळलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम किती उरते हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून प्रयोगशाळेसाठी मोरिनची भुकटी मागवली. फणसाच्या लाकडातही सापडणारे हे पिवळे द्रव्य रसायनशास्त्रज्ञ गोपेल्सरोडर यांनी १८६७ मध्येच या कामी वापरले होते.

अल्कोहोलात विरघळवलेल्या मोरिनचे चार थेंब किंचित आम्लधर्मी केलेल्या तुरटीच्या पाण्यात टाकून ३६५ नॅनोमीटरची अतिनील किरणांची विजेरी धरली, तेव्हा परीक्षानळीत हिरवट उजेड भरून आला आणि शेजारची ऊर्ध्वपातित पाण्याची नळी काळोखीच राहिली. विद्यार्थ्यांना हा फरक दाखवताना मला मनापासून आनंद झाला. धातूचा आयन मोरिनच्या रेणूला जखडून ताठ करतो, त्यामुळे शोषलेली ऊर्जा उष्णतेत न विरता प्रकाशरूपाने बाहेर पडते.

मात्र लोहामुळे हा उजेड मंदावतो आणि फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला आधीच बांधून ठेवते, म्हणून बोअरच्या पाण्याचा निकाल नुसत्या नजरेने देऊ नये. भारतीय मानकातील लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा तपासायची, तर हा उजेड मोजणारे उपकरण, म्हणजे फ्लुओरोमीटर, हवाच. विक्रेत्याने बाटलीवर शुद्धतेचे प्रमाण छापले नव्हते, हे मला खटकले.